खाली आहे ते ठेवा

एके काळी मी शर्टाच्या खिशात लोकांची लग्नं घेऊन हिंडायचो. चौकोनी, काळी, तळहातावर मावणारी लग्नं. बऱ्हाणपुरात माझं कंपोझिंगचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक पंखा, आणि पंखा कॉम्प्युटरसाठी. मी आपला घाम पुसत बसायचो. लग्नपत्रिका, हँडबिलं, वर्षश्राद्धाची कार्डं, सगळं मराठीत आणि हिंदीत जुळवून मी फ्लॉपीवर घालायचो आणि गाडी पकडून जळगावला जायचो, कारण छपाईची फिल्म तिथे निघायची.

फ्लॉपी हा फार नाजूक जीव. तिला ऊन चालत नसे, धूळ चालत नसे, आणि बऱ्हाणपुरात तर दुसरं काही मिळतच नसे. जळगावला पोचलो की तिथला माणूस फ्लॉपी यंत्रात सरकवायचा आणि आम्ही दोघं श्वास रोखून ऐकत राहायचो. खर्र. खर्र. मग थोडी शांतता. मग पुन्हा खर्र, आणि टक्. त्या टक् नंतर पडद्यावर इंग्रजीत सभ्यपणे विचारलं जायचं की ही डिस्क कोरी दिसते आहे, तयार करून देऊ का. म्हणजे घरात माणूस गेलेला आणि दारात कोणी येऊन विचारतोय, खोली भाड्याने आहे का.

पण एक मात्र कबूल केलं पाहिजे. फ्लॉपी मरताना आवाज करायची. दोन-तीन वेळा आधी खरखरायची, इशारा द्यायची, आणि शहाणा माणूस तेवढ्यात दुसरी प्रत काढून घ्यायचा. पुढे आलेल्या कुठल्याच वस्तूत हा शिष्टाचार मला दिसला नाही.

माझा मोठा भाऊ, दादा, केळीच्या लिलावात बोली पुकारायचा. आवाज असा की तो बाजारात उभा राहून बोलू लागला की बाहेर चहा पीत बसलेले व्यापारी कप तसाच ठेवून आत यायचे. 'एक बार', तो म्हणायचा, अगदी सहज, जाता जाता. मग 'दो बार', जरा ताणून. आणि मग थांबायचा. 'दो बार'नंतरचं ते थांबणं ही दादाची खरी कला. त्या थांबण्यात लोकांना घाम फुटायचा, शेजाऱ्याकडे बघितलं जायचं, कोणाचा तरी हात आपोआप वर जायचा. बाजारात तो हिंदीत गर्जायचा आणि घरी मराठीत पुटपुटायचा. घरातला त्याचा आवाज ऐकायला कान जवळ न्यावा लागे.

आणि मी त्याचा धाकटा भाऊ, गावातला नकल्या. मास्तर, पुढारी, बँकेतला साहेब, कोणाचीही नक्कल करायचो, पण माझा हुकमी एक्का म्हणजे दादा. गणपतीत मांडवामागे उभा राहून मी 'दो बार' म्हटलं की पुढे बसलेले लोक दादाला शोधायला लागायचे. दादा मला हाक मारायचा तीही 'नकल्या' अशीच.

तो कधीतरी दुकानात येऊन बसायचा. एकदा त्याने टेबलावरची फ्लॉपी उचलली.

"यात काय आहे?"

"सुताराच्या मुलीचं लग्न."

"पूर्ण?"

"जेवणाच्या वेळेसकट."

त्याने ती कानाशी नेऊन हलवली. "वाजत नाही रे. वरात काढली नाही का यांनी?"

मी त्याला फ्लॉपीच्या कोपऱ्यातली चिमुकली खिडकी दाखवली. ती उघडी ठेवली की आतलं कोणी पुसू शकत नाही, आणि बंद केली की पुसता येतं. दादा तिच्यातून एक डोळा मिटून माझ्याकडे बघत राहिला.

"खिडकी उघडी असली की चोर येत नाही?"

"नाही येत."

"तुमच्या धंद्यात सगळं उलटंच दिसतंय," तो म्हणाला, आणि ती खिडकी उघडून फ्लॉपी माझ्या हातात दिली. सुताराच्या मुलीचं लग्न सुरक्षित झालं.

मग सीडी आली. चकचकीत, आरशासारखी, जळगावच्या प्रवासात भांग पाडायला उपयोगी. तिच्यावर एकदा लिहिलं की लिहिलं. पुसायची सोयच नाही, म्हणून मला ती आवडायची. पण ओरखडा पडला की गेली. मग पेन ड्राइव्ह आला, किल्लीसारखा गळ्यात घालायचा. त्याने दुकानोदुकानी रोग पसरवले, आणि सगळ्या रोगांवर एकच औषध होतं: कॉम्प्युटर पुसा आणि पहिल्यापासून सुरू करा. दर थोड्या दिवसांनी मी माझं सगळं जग पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. सवय होते.

त्याच सुमारास सगळंच मोबाइलमध्ये शिरायला लागलं. घड्याळ शिरलं, टॉर्च शिरली, रेडिओ शिरला, कॅमेरा शिरला. एवढा सगळा संसार ठेवायला त्याच्या पोटात एक कार्ड बसवायचे. बऱ्हाणपुरात त्याला कोणीही कार्ड म्हणत नसे. ती 'चिप'. चौकाचौकात पाट्या लागल्या की इथे चिप भरून मिळेल, म्हणजे गाणी घालून मिळतील, जसा गॅस भरून मिळतो तसं. मी दादासाठी मोबाइल आणला तेव्हा ती चिप काढून त्याच्या नखावर ठेवली. ती नखाहून लहान होती.

"यात लग्न मावेल?"

"सगळ्या गावाची लग्नं मावतील."

त्याने तिच्या चारी कडा न्याहाळल्या. "खिडकी कुठे आहे?"

"हिला खिडकी नसते."

"बायका तांदूळ निवडताना फेकून देतील," दादा म्हणाला आणि चिप मला परत दिली.

पुढच्या हिवाळ्यात त्याचा आवाज बसला. बाजारात धूळ असते, ओरडणं असतं, कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मी त्या बसक्या आवाजाचीही नक्कल केली आणि सगळ्यात जास्त दादा हसला. मग एक दिवस 'दो बार' म्हणताना मधूनच खर्र झालं, आणि मला जळगावचं ते यंत्र आठवलं.

इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. वहिनीने विचारलं, "बोलता येईल ना पण?" डॉक्टर म्हणाले, "जगतील." वहिनीने मान हलवली, जणू तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

इंदूरला निघायच्या आधी एका दुपारी मी दादासमोर मोबाइल धरला आणि म्हटलं, काहीतरी बोल, ठेवून घेऊ. उभ्या आयुष्यात ज्याला कधी शब्द कमी पडले नव्हते तो माणूस मोबाइलकडे बघत नुसता बसून राहिला. मग त्याने खाकरून 'माइक टेस्टिंग' म्हटलं, आणि घरातल्या वस्तूंचा लिलाव सुरू केला. पंखा काढला, पलंग काढला, आणि मग माझ्याकडे बोट केलं. "यह देखिए, हमारा छोटा भाई. थोडा इस्तेमाल किया हुआ. बोलता बहुत है, काम कम. बोलिए. एक बार. दो बार." आणि थांबला. तेच थांबणं. शेवटी म्हणाला, "कोई नहीं लेता. चलो, घर में ही रखते हैं."

मग तो मोबाइल विसरला. स्वयंपाकघराकडे तोंड करून, त्याच्या त्या घरगुती, खालच्या आवाजात म्हणाला, "ऐकलं का, चहा होईल का?"

आतून वहिनी म्हणाली, "आत्ताच तर झाला."

"अर्धा," दादा म्हणाला.

आणि मग मला, "नकल्या, बंद कर ते. आता काय चहाचीपण रेकॉर्डिंग घेतो?"

एवढंच. एवढंच त्या चिपवर राहिलं.

ऑपरेशननंतर दादा घरी आला तो गळ्याला पांढरं फडकं आणि हातात पाटी घेऊन. शाळेतली पाटी, पेन्सिलीची. तिच्यावर तो लिहायचा आणि ओल्या बोळ्याने पुसायचा. मी त्याला म्हटलं, सगळ्यात जुनी फ्लॉपी तुझ्याकडे आली. त्याने पाटीवर लिहिलं, 'हिला खिडकी आहे?' आणि हसला. हसण्याचा आवाज आला नाही, खांदे हलले.

वहिनी दुपारी भांडी आवरली की मोबाइल मसाल्याच्या डब्याशेजारी उभा करायची आणि ते रेकॉर्डिंग लावायची. तिला लिलावात रस नव्हता. पण त्या मोबाइलवर पुढे ढकलायचं तिला जमत नसे, म्हणून रोज आधी पंखा विकला जायचा, पलंग विकला जायचा, मी विकला न जाता घरात राहायचो, आणि मग ती चहापर्यंत पोचायची. 'अर्धा' आलं की तिचा हात कामावरून उचलला जायचा आणि बटण दाबायचा. नंतरचं, मला दटावलेलं, तिने फारसं कधी ऐकलं नसेल. दादा त्या वेळी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. तिथे ऐकू यायचं सगळं. पण बसायचा बाहेर.

मी धंद्यातला माणूस, प्रत ठेवल्याशिवाय राहीन कसा. कॉम्प्युटरवर एक घेतली. ती पुढच्याच रोगात गेली. सीडीवर एक घातली, तिच्यावर शाईच्या पेनने 'दादा' लिहिलं आणि त्यांच्याच कपाटात ठेवली. सीडी पुसता येत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो.

मग दादानेच एक दिवस पाटीवर लिहिलं, 'दिवसभर मीच का? दुसरंही काही ऐक. भजनं भरून आण.' वहिनीला ते पटलं. मोबाइल घेऊन ती एकटीच चौकातल्या चिपवाल्याकडे गेली.

वहिनी खानदेशातली, यावलकडची. इतकी वर्षं बऱ्हाणपुरात काढूनही तिची हिंदी भाजीवाल्यापुरतीच. चिपवाला हिंदी बोलणारा, सालस माणूस, बायकांशी मान खाली घालून बोलणारा. पुढे त्या दोघांनीही मला तो संवाद वेगवेगळा सांगितला, आणि एका शब्दाचाही फरक नव्हता. म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

मोबाइलच्या यादीत दादाचं रेकॉर्डिंग सगळ्यात तळाला दिसायचं. म्हणून वहिनी म्हणाली, "यात भजनं भरून द्या. खाली आहे ते ठेवा."

चिपवाल्याने विचारलं, "खाली है?"

"हो, खाली आहे."

"पूरी खाली है ना, भाभी? देख लो, बाद में मत बोलना."

"हो ना भाऊ. अगदी खाली आहे."

मराठीत खाली म्हणजे तळाला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. या गावात आम्ही हा शब्द दिवसातून कितीदा तरी दोन्ही अर्थांनी वापरतो आणि कधीच कोणाचं काही बिघडत नाही. रिक्षा खाली असते आणि रिक्षावाला खाली बसलेला असतो. चिपवाल्याने दोनदा खात्री केली, वहिनीने दोनदा खात्री दिली. त्याने रीतसर चिप साफ केली आणि भजनं घातली. वर जागा उरली म्हणून, भाभी भल्या वाटल्या म्हणून, आपल्याकडून जुनी सिनेमाची गाणीही घातली. गळ्यापर्यंत भरून दिली.

ती दुपारी माझ्या दुकानात आली. मी एका बारशाची पत्रिका जुळवत होतो.

"भाऊजी, यांचा आवाज सापडत नाही. मी खाली खाली जाते आहे, पण गाणीच येताहेत. वर गेला का कुठे, बघा बरं."

मी मोबाइल हातात घेतला. यादीच्या टोकापर्यंत गेलो, वर आलो, पुन्हा गेलो. कार्डातली जागा बघितली. मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी बटणं दाबत राहिलो, कारण मी थांबलो असतो तर मला मान वर करून तिच्याकडे बघावं लागलं असतं. काही खरखर झाली नाही. टक् झालं नाही. तेवढ्याशा त्या काळ्या टिकलीत एक माणूस होता आणि आता नव्हता, आणि टिकली होती तशीच होती.

चिपवाल्याकडे गेलो तेव्हा मी भांडायच्या तयारीत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दुकानातल्या स्टुलावर बसून राहिला.

"मैंने पूछा था, भैया," तो म्हणाला. "एक बार नहीं. दो बार पूछा."

दो बार. मी तिथे उभा राहिलो आणि नंतरचं ते थांबणं मला ऐकू आलं. या वेळी कोणाचाच हात वर गेला नाही.

त्याच्या कॉम्प्युटरवर आम्ही गेलेलं परत आणणारा एक प्रोग्राम लावून बघितला. तो बराच वेळ चालला आणि त्याने आमच्यापुढे अर्धवट गाण्यांचा ढीग ओतला. पहिली ओळ इथली, दुसरी तिथली. दादाच्या जागेवर कोणीतरी गात होतं. नंतर घरी येऊन मी हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की ते रेकॉर्डिंग एवढं लहान होतं की माझ्या जुन्या फ्लॉपीवर सहज मावलं असतं. खिडकी उघडून ठेवता आली असती. पण फ्लॉपी घेणारं यंत्र तोवर कोणाच्याच कॉम्प्युटरला उरलं नव्हतं.

"सीडी आहे ना," मी वहिनीला म्हटलं, आणि कपाट उघडलं.

कपाटात सीड्या नव्हत्या. एकही नव्हती. वहिनीने भिंतीला हात टेकला. तिचा भाऊ तुकईथडला शेती करायचा. दिवाळीच्या आवराआवरीत तो आला होता आणि खराब सीड्या असतील तर द्या म्हणाला होता. सिनेमाच्या जुन्या सीड्यांचा गठ्ठा तिने बांधून दिला होता. वरचं काय, खालचं काय, तिने बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि दादा माझ्या मोटारसायकलवर खकनारवरून तुकईथडला गेलो. दादा मागे बसला होता, एक हात माझ्या खांद्यावर, एका हातात पाटी. खड्डा आला की तो खांदा दाबायचा. पूर्वी ओरडायचा.

शेतात ज्वारी उभी होती आणि तिच्यावर दोऱ्या ताणून सीड्या टांगलेल्या होत्या. वाऱ्यावर गिरक्या घेत होत्या, उन्हाचे कवडसे फेकत होत्या. वहिनीचा भाऊ मोठ्या अभिमानाने आम्हाला दाखवायला आला.

"एक पोपट फिरकत नाही, दाजी. एक चिमणी नाही. काय वस्तू दिली ताईने."

दादाने पाटीवर लिहिलं, 'माझा आवाज आहे. कसे येतील?'

तो बिचारा हसला, आणि मग मी त्याला खरं सांगितलं. तो काठी घेऊन ज्वारीच्या ताटांमधून चालत गेला आणि एकेक सीडी उतरवू लागला. आम्ही बांधावर बसून त्या पुसत होतो. बहुतेकांची चांदी उन्हाने सोलून निघाली होती. डोळ्यासमोर धरली की पलीकडचं आभाळ दिसायचं. शाईने लिहिलेलं कुठेच काही उरलं नव्हतं. कुठली 'दादा' आणि कुठली सिनेमा, ओळखायला मार्ग नव्हता, म्हणून सगळ्या पिशवीत घातल्या. निघताना मी वळून बघितलं. दोऱ्या रिकाम्या होत्या आणि ज्वारीवर पोपट उतरायला लागले होते.

दुकानात येऊन मी त्या एकामागून एक यंत्रात घातल्या. यंत्र घुमायचं, विचार करायचं, आणि जीभ काढून दाखवावी तसा ट्रे बाहेर यायचा. पिशवी संपेपर्यंत ते आम्हाला जीभ काढून दाखवत होतं.

त्या दिवसांत वहिनी दुपारी भांडी आवरून झाली की तिथेच बसून राहायची. मसाल्याचा डबा उघडायची, बंद करायची. भजनं तिने एकदाही लावली नाहीत. आपण स्वतःच्या तोंडाने सांगितलं 'खाली आहे', आपणच नवऱ्याचा आवाज पुसला, हे तिच्या डोक्यातून जाईना. दादा पाटीवर लिहायचा, 'मी आहे ना.' ती वाचायची, मान हलवायची, आणि तो ते पुसेपर्यंत पाटीकडे बघत राहायची.

एके सकाळी तो माझ्या दुकानात आला, शटर अर्धं ओढून घेतलं आणि पाटी माझ्यासमोर धरली. 'तू बोल.'

"काय बोलू?"

'माझ्या आवाजात. पंखा, पलंग, सगळं. तिला सांगू सापडलं.'

मी म्हटलं, दादा, हे बरोबर नाही. त्याने 'तू बोल' या दोन शब्दांखाली रेघ मारली.

आता, मी जन्मभर ज्याची नक्कल केली तो माणूस माझ्यासमोर तालीम घ्यायला बसला होता. अशी संधी कोणत्या नकल्याला मिळते? मी उभा राहिलो. पंखा विकला, पलंग विकला, स्वतःला विकायला काढलं. 'एक बार.' दादाने डोळे मिटले. 'दो बार.' त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी थांबलो, आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी काही शांतता आली की मला वाटलं आपण थांबूनच राहावं, पुढचं म्हणूच नये. लिलाव एका फटक्यात झाला.

मग मी म्हटलं, "ऐकलं का, चहा होईल का?"

दादाने डोळे उघडले आणि मान हलवली. नाही.

पुन्हा म्हटलं. नाही. त्याने पाटीवर लिहिलं, 'खाली.' मी आवाज उतरवला. 'अजून खाली.' मी आणखी उतरवला, कुजबुजलो, घसा घासला. तो हाताने दाखवत होता, खाली, अजून खाली, जसं विहिरीत दोर सोडतात तसं, आणि माझा दोर कशालाच लागत नव्हता. मला दादाचा बाजार येत होता. त्याचं घर मला कधी ऐकूच आलं नव्हतं. दुपारपर्यंत आम्ही ती दोन-तीन वाक्यं घासत होतो. वहिनीच्या उत्तरासाठी मी मध्ये जागा सोडायचो आणि मग म्हणायचो, 'अर्धा.' शेवटी दादाने मान डोलावली. जमलं म्हणून की दमला म्हणून, मी विचारलं नाही, आणि तेच चिपवर घेतलं.

संध्याकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो. मी म्हटलं, "वहिनी, सापडलं बरं का. चिपमध्येच एका कोपऱ्यात होतं." तिने हात पुसले आणि मोबाइल मसाल्याच्या डब्याशेजारी उभा केला, नेहमीच्या जागी. पंखा विकला गेला. पलंग विकला गेला. मी विकला गेलो नाही. चहा आला, मधली जागा आली. ती रिकामी जागा त्या स्वयंपाकघरात फार मोठी वाटली. वहिनीने 'आत्ताच तर झाला' म्हटलं नाही. 'अर्धा' आलं. तिचा हात उचलला गेला नाही. मोबाइल आपोआप बंद पडेपर्यंत ती ऐकत राहिली.

मग तिने दादाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. दादाने पाटी छातीशी धरली होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"लिलाव छान झालाय, भाऊजी," ती म्हणाली. "अगदी यांच्यासारखा." मोबाइल उचलून घेत म्हणाली, "पण हे असा मागायचे नाहीत चहा. मी नाही म्हणणार, हे यांना आधीच माहीत असायचं. तुम्ही पाहुण्यासारखा मागितलाय."

हयातीत पहिल्यांदा माझ्याजवळ कोणाचाच आवाज नव्हता.

"वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "हे खाली करून टाका."

चिपवाला म्हणायचा त्याच अर्थाने. तो शब्द त्या अर्थाने तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. मी तिथेच उभा राहून खाली केलं. काही आवाज झाला नाही.

त्यानंतर दादा काही वर्षं होता. चहा हवा असला की तो रिकाम्या कपावर नखाने दोनदा टकटक करायचा, पहिली हलकी, मग जरा थांबून दुसरी. वहिनी आतून म्हणायची, आत्ताच तर झाला. मग तो अर्धा कप भरेल एवढ्यावर, मधोमध, बोट आडवं धरायचा. ती स्वयंपाकघरातून ते बघू शकत नसे, तरी अर्धाच आणायची.

आता दादा नाही. ती टकटक मला हुबेहूब येते, मधल्या थांबण्यासकट. वहिनीकडे गेलो की मी कप रिकामा झाल्याबरोबर खाली ठेवतो, नख लागायच्या आत.